प्रभागाची सरासरी काढून थांबू नका, घरापर्यंत जा: जीआयएस, शहर आणि लोकांचं स्वास्थ्य

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की प्रबंधासाठी पुण्याचा उष्णतेचा नकाशा तुम्ही लँडसॅट उपग्रहांवरून काढलाय, हिरवळीचा सेंटिनेल उपग्रहांवरून काढलाय, दोन्हीची प्रभागवार सरासरी काढून झालीये, आता प्रत्येक प्रभागात थोडा थोडा सर्व्हे करून लोकांच्या स्वास्थ्याशी संबंध जोडायचाय, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, सँपल किती हवं, म्हणजे किती लोकांना विचारावं, असं विचारताय. सॉफ्टवेअरचं पटकन सांगून टाकतो. क्यूजीआयएस घ्या, संगणकावर नकाशे करून त्यावर मोजमाप करायचं, म्हणजे जीआयएसचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि तुमच्या कामाला पुरून उरेल, सर्व्हेसाठी कोबो टूलबॉक्स, तेही फुकट आणि नेटवर्क नसतानाही मोबाईलवर चालतं, सॅटेलाईटचं मोठं काम असेल तर गूगल अर्थ इंजिन. सँपलवर नंतर येतो, कारण त्याच्या आधी एक मोठा प्रश्न आहे आणि तो सोडवला नाही तर सँपल कितीही घ्या, हाती काही लागणार नाही. माणूस दिवसाच्या कुठल्या वेळी कुठे असतो आणि तिथे त्याला नक्की काय सोसावं लागतं, हे तुमच्या नकाशात अजून कुठेच आलेलं नाही.

आधी उष्णतेचंच घेऊ. लँडसॅट ८ आणि ९ पुण्यावरून जातात ते सकाळी साधारण अकराच्या सुमारास. दोन्ही धरले तर दर ८ दिवसांनी एक फोटो, त्यातले पावसाळ्यातले ढगांमुळे जवळपास सगळे बाद. म्हणजे तुमच्याकडे जे लालभडक चित्र आहे ते सकाळी अकराचं आहे, दुपारी तीनचं नाही आणि रात्री अकराचं तर नाहीच नाही. शिवाय ते पृष्ठभागाचं तापमान आहे, हवेचं नाही, आणि घरातल्या हवेचं तर अजिबातच नाही. आणि थर्मल बँडची, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या चित्राची, मूळ बारकाई १०० मीटर आहे, फाईल ३० मीटरची मिळते म्हणून फसू नका, ती नुसती बारीक करून दिलेली असते. १०० बाय १०० मीटर म्हणजे एक हेक्टर, दाट वस्तीत तेवढ्या जागेत शेकडो घरं बसतात, त्या सगळ्यांना मिळून एक आकडा.

एप्रिलचा नकाशा नीट बघितलात तर अजून एक गोष्ट दिसेल, आणि पहिल्यांदा बघणारा प्रत्येकजण इथे गोंधळतो. शहराबाहेरची नांगरून ठेवलेली रिकामी शेतं आणि उघडे डोंगरउतार पेठांपेक्षा जास्त लाल दिसतात. पेठा थंड असतात म्हणून नाही. कोरडी उघडी माती सकाळच्या उन्हात भराभर तापते, आणि पेठांमध्ये घरांची एकमेकांवर सावली असते, भिंती आणि स्लॅब तापायला वेळ लागतो. तीच माती रात्री पटकन निवते आणि स्लॅब मात्र दिवसभर साठवलेली उष्णता पहाटेपर्यंत सोडत बसतो. कोरड्या हवामानातल्या शहरांमध्ये उन्हाळ्यात दिवसा हे असंच दिसतं. नुसता दिवसाचा नकाशा बघून कुणी म्हणालं की शहर आजूबाजूपेक्षा गार आहे, तर तो निष्कर्ष कागदावर बरोबर आणि माणसाच्या दृष्टीने उलटा.

आता पत्र्याची गंमत बघा, ही मुद्दाम सविस्तर सांगतो कारण वस्त्यांवर काम करायचं असेल तर ही सगळ्यात महत्त्वाची आहे. सॅटेलाईट तापमान मोजत नाही, वस्तूतून बाहेर पडणारं इन्फ्रारेड मोजतं आणि त्यावरून तापमानाचा हिशोब करतं. नवा चकचकीत पत्रा तापला तरी इन्फ्रारेड फार कमी सोडतो, म्हणजे त्याची एमिसिव्हिटी कमी. त्यामुळे हाताला चटका बसेल एवढा तापलेला पत्रा सॅटेलाईटला खऱ्यापेक्षा थंड वाटू शकतो, आणि शेजारचा गंजलेला किंवा रंग दिलेला पत्रा त्याच उन्हात जास्त तापलेला दिसतो. लँडसॅटच्या ‘कलेक्शन २’ नावाच्या डेटात जे आयतं पृष्ठतापमान मिळतं त्यात एमिसिव्हिटी ॲस्टर या दुसऱ्या उपग्रहावरच्या उपकरणाच्या जुन्या, २००० ते २००८ च्या डेटावरून धरलेली असते, त्याला तुमच्या वस्तीत मागच्या वर्षी कुणी पत्रा बदलला हे कसं कळणार. तेव्हा एका वस्तीपेक्षा दुसरी वस्ती दोन डिग्रीने थंड असं नकाशात दिसलं, तर आधी जाऊन छपरं बघा.

आणि मग घरात जा. पत्र्याचं घर दुपारी भट्टी होतं पण पत्रा पातळ असल्याने सूर्य मावळल्यावर तुलनेने लवकर निवतो. स्लॅबचं घर, त्यातही वरच्या मजल्यावरचं, दुपारी बरं वाटतं आणि रात्री अकराला झोप येत नाही इतकं तापलेलं असतं. म्हणजे कोण जास्त त्रासात आहे याचं उत्तर घड्याळाच्या काट्याबरोबर बदलतं. म्हणून माझा आग्रह असा, की प्रत्येक प्रकारच्या घरांमध्ये काही तापमान-आर्द्रतेचे डेटा लॉगर लावा, काडेपेटीएवढी वस्तू असते, दर १५ मिनिटांनी नोंद घेते, काही हजारांत मिळते. लावताना बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, गॅस शेगडीच्या आणि फ्रीजच्या मागच्या बाजूच्या जवळ नको, पंख्याच्या झोतात नको, झोपताना डोकं जिथे असतं साधारण त्या उंचीला लावा. घरच्यांना ते काय आहे, त्यात कॅमेरा नाही, आवाज रेकॉर्ड होत नाही हे नीट सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ते काढून कपाटात ठेवलेलं असतं आणि तुमच्याकडे आठवडाभराचं कपाटाचं तापमान येतं. रात्रीचं सॅटेलाईट चित्र हवंच असेल तर इकोस्ट्रेस हे उपकरण बघा, अंतराळ स्थानकावर बसवलेलं आहे, २०१८ पासून, वेगवेगळ्या वेळी जातं आणि त्यात रात्रीच्याही फेऱ्या सापडतात.

हे सगळं का करायचं याला आपल्या शेजारचंच उदाहरण आहे. अहमदाबादमध्ये मे २०१० च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले असा हिशोब नंतर अभ्यासात निघाला, आणि त्यातूनच २०१३ मध्ये तिथला हीट ॲक्शन प्लॅन आला. आकडा कळल्यावर तयारी सुरू झाली. आपल्या शहरांमध्ये घरातल्या उष्णतेचा आकडा फार कमी जणांकडे आहे, तुमच्या प्रबंधातून तो थोडासा जरी आला तरी ते काम मोलाचं आहे.

आता प्रभागाच्या सरासरीकडे. पुण्यात ही सरासरी फार फसवते आणि त्याचं कारण आपल्या टेकड्या. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी, यांचा तुकडा ज्या प्रभागात येतो तो प्रभाग हिरवळीत एकदम वर जातो. महापालिकेच्या वृक्षगणनेत शहरात लाखोंनी झाडं मोजलीत, प्रत्येकाचं लोकेशन आणि जात नोंदवलीये, फार चांगला डेटा आहे, जरूर वापरा, पण टेकडीवर लावलेलं गिरीपुष्प आणि गल्लीच्या तोंडावरचा पिंपळ त्यात सारखेच एक-एक धरले जातात. पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे, शहरातल्या मोठ्या वस्त्यांपैकी एक. वरून बघितलं तर हिरव्या टेकडीला खेटून, सरळ रेषेत मोजलं तर हिरवळ हाकेच्या अंतरावर. आत गेलं की अरुंद चढाच्या गल्ल्या, घरासमोर झाड लावायला कुंडीएवढी जागा नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींसाठी ती टेकडी असून नसल्यासारखी.

इथे तुम्हाला ३-३०-३०० चा नियम उपयोगी पडेल. नेदरलँड्सचे सेसिल कोनेनडायक यांनी २०२१ मध्ये मांडला, घरातून किमान ३ झाडं दिसावीत, आसपासच्या भागात ३० टक्के झाडांची सावली असावी, आणि ३०० मीटरच्या आत बाग किंवा हिरवी मोकळी जागा असावी. मला तो आवडतो कारण तीन आकडे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून मोजावे लागतात, एक खिडकीतून, एक आकाशातून आणि एक पायी. खिडकीतलं फक्त घरी जाऊनच कळतं, आणि नेमकं तेच सगळे सोडून देतात. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या नोंदी तपासून दाखवलं होतं, की ऑपरेशननंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते पेशंट समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. तेव्हा ‘तुमच्या दारातून किंवा खिडकीतून किती झाडं दिसतात’ हा प्रश्न फॉर्ममध्ये हवाच.

३०० मीटर मोजताना घराभोवती नुसतं वर्तुळ, म्हणजे गोल बफर, काढू नका, चालायच्या रस्त्याने मोजा. मधे मुठा नदी आली, कॅनॉल आला, रेल्वेची भिंत आली की नकाशावरचे ३०० मीटर चालताना सहज किलोमीटरभर होतात. क्यूजीआयएसमध्ये ओआरएस टूल्स नावाचं प्लगइन आहे, ते ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या रस्त्यांवरून पायी किती वेळात कुठपर्यंत पोचता येतं ते काढून देतं. पण वस्तीतल्या गल्ल्या ओपनस्ट्रीटमॅपवर बऱ्याचदा नसतात, त्या आधी तुम्हालाच चालून टाकाव्या लागतील, आणि तुम्ही टाकल्यात की पुढच्या प्रत्येकाला त्या मिळतील, हे काम अंगावर घ्या अशी कळकळीची विनंती. बागेचं दारही तपासा. नकाशात बागेचा मध्यबिंदू घेतला जातो, प्रत्यक्षात दार बऱ्याचदा एकाच बाजूला असतं आणि भर दुपारी बंद असतं, म्हणजे ज्या वेळी सावलीची गरज सगळ्यात जास्त त्याच वेळी.

प्रभाग टाळायला अजून एक कोरडं कारण आहे. शेवटची जनगणना २०११ ची, त्यातले वॉर्ड वेगळे, २०१७ ला चार सदस्यांचे प्रभाग झाले ते वेगळे, त्यानंतर हद्दीत आधी ११ आणि मग २०२१ ला २३ गावं आली. लोकसंख्या एका हद्दीची आणि तापमान दुसऱ्या हद्दीचं असा घोळ होतो. त्यापेक्षा षटकोनी ग्रिड, म्हणजे सारख्या आकाराच्या षटकोनांचं जाळं, घ्या किंवा सरळ वस्तीची, सोसायटीची खरी सीमा घ्या. आणि ग्रिड २०० मीटरची आणि ४०० मीटरची अशी दोन्ही करून बघा, निष्कर्ष बदलला तर तो जमिनीवरचा नव्हता, तुमच्या रेघांचा होता.

ग्रिडवरून आठवलं, मोजमाप करायच्या आधी प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, बदला आणि मीटरमध्ये मोजणारं यूटीएम घ्या. पुणे, मुंबई, नाशिक, संभाजीनगर यूटीएम झोन ४३ मध्ये, सॉफ्टवेअरमधला त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. नागपूर मात्र झोन ४४ मध्ये, ३२६४४. जीपीएसच्या अक्षांश-रेखांशावर ‘३०० चा बफर’ टाकला तर क्यूजीआयएस ३०० डिग्री धरेल.

आता स्वास्थ्य. हे मोजायचं कसं यावर लोक प्रबंधात दोन ओळी लिहितात आणि नकाशावर वीस पानं, हे उलटं व्हायला हवं. सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेचा डब्ल्यूएचओ-५ घ्या. पाचच प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५ गुण, बेरीज २५ पैकी, चारने गुणलं की १०० पैकी आकडा, ५० च्या खाली आला तर त्या माणसाकडे जास्त लक्ष द्यायला हवं असं धरतात. लोकांना कंटाळा येत नाही आणि बाहेरच्या अभ्यासांशी तुलना होते. त्याला जोडून झोपेचे प्रश्न विचारा, रात्री किती वेळा जाग येते, कशाने येते, उकाड्याने, डासांनी, आवाजाने की पाण्याच्या वेळेने. पाणी पहाटे येत असेल तर घरातली बाई तेव्हाच उठते, आणि तुमच्या विश्लेषणात ती ‘उष्णतेमुळे झोप मोडते’ या खात्यात जाऊन बसेल.

हाच मुद्दा पुढे नेतो. जिथे झाडं जास्त तिथे लोक जास्त सुखी, असं तुमच्या डेटात बहुतेक निघेलच. पण जिथे झाडं जास्त तिथे पगारही जास्त, घर मोठं, पाणी चोवीस तास, मग सुख झाडाचं की पगाराचं? टोरांटोत २०१५ मध्ये या प्रश्नावर फार नेटका अभ्यास झाला, त्यांनी उत्पन्न, शिक्षण, वय सगळं हिशोबात धरलं आणि तरीही प्रत्येक ब्लॉकमध्ये सरासरी १० झाडं जास्त असली की लोकांना आपली तब्येत जितकी चांगली वाटते तो फरक सुमारे ७ वर्षांनी तरुण असण्याइतका निघाला. त्याहून पटणारा पुरावा अमेरिकेतल्या ॲश झाडांचा. एका भुंगेऱ्याने १५ राज्यांत ही झाडं मारली, २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात जिथे जिथे किडीचा प्रादुर्भाव पोचला तिथे हृदयविकार आणि श्वसनाच्या आजारांचे मृत्यू वाढलेले दिसले. किडा काही श्रीमंत-गरीब बघून येत नाही, म्हणून हा पुरावा नुसत्या तुलनेपेक्षा भक्कम. तुम्हाला पुण्यातही अशा जागा शोधता येतील, रस्ता रुंदीकरणात किंवा पुलाच्या कामात एका बाजूची झाडं गेली आणि दुसऱ्या बाजूची राहिली, दोन्हीकडची घरं, भाडी, माणसं सारखीच. अशी एक जागा सापडली तरी अख्ख्या शहराच्या सरासरीपेक्षा जास्त काहीतरी हाती येईल.

सँपलचं उत्तर इथे आहे. सगळ्या प्रभागात थोडं थोडं पसरू नका. नकाशाचा खरा उपयोग सर्व्हे कुठे करायचा हे ठरवायला होतो. आर्थिक परिस्थिती सारखी पण झाडं वेगळी, किंवा झाडं सारखी पण छप्पर वेगळं, अशा जोड्या नकाशावर निवडा, चार-सहा जागा पुरे, आणि प्रत्येक जागी खोलवर जा. उत्पन्न विचारायला संकोच होतो म्हणून ते गाळू नका, थेट आकडा न विचारता घरात काय काय वस्तू आहेत, घर स्वतःचं की भाड्याचं, किती वर्षं राहताय असं विचारा. मजला नक्की विचारा. आपला नकाशा सपाट असतो आणि माणसं एकावर एक राहतात. मुंबईत गोवंडी-मानखुर्दला लल्लूभाई कंपाऊंड आणि नटवर पारेख कंपाऊंड इथल्या पुनर्वसनाच्या इमारतींचा अभ्यास डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने केला, इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, आणि तिथे क्षयरोगाचं प्रमाण जास्त सापडलं. नकाशावर दुसऱ्या आणि सातव्या मजल्याचा बिंदू एकच असतो. सॅटेलाईटवरून ही गोष्ट कितीही झूम केलं तरी दिसली नसती.

हवा आणि आवाज थोडक्यात. हवेतले अतिबारीक कण मोजणारे स्वस्तातले पीएम २.५ सेन्सर आर्द्रता वाढली की जास्त आकडा दाखवतात, तेव्हा वापरायच्या आधी काही दिवस सरकारी मोजणी केंद्राशेजारी ठेवून फरक काढा. आवाजासाठी निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, मोबाईल ॲपचे आकडे तुलनेपुरते वापरा, कायदेशीर दावा त्यावर करू नका.

आता जो भाग मला सगळ्यात जवळचा आहे तो, कागदी नकाशा. वस्तीचा मोठा प्रिंट काढा, दार-दार ओळखू येईल एवढा, आणि तो देवळाच्या ओट्यावर किंवा समाजमंदिरात जमिनीवर पसरा. गूगलवरची नावं खोडून लोकांच्या खुणा टाका, गिरणी, मंडळाचा मांडव, सार्वजनिक नळ, शौचालय, रिक्षा स्टँड, नाहीतर लोकांना आपलं घर सापडत नाही. बायकांची बैठक वेगळी घ्या, पोरांची वेगळी, म्हाताऱ्यांची वेगळी, एकत्र घेतलीत तर मंडळाचे कार्यकर्तेच बोलतील. तीन रंगांचे पेन द्या, दुपारी कुठे बसता, संध्याकाळी कुठे जाता, कुठून जायचं टाळता. या बैठकांमध्ये नेहमी दिसतं की बायकांची दुपार घरात जातच नाही, दोन घरांमधल्या सावलीच्या पट्ट्यात, भाजी निवडत, त्या उन्हाबरोबर सरकत असतात. दोन-तीन फुटांचा तो पट्टा कुठल्याच डेटात नाही आणि अख्ख्या गल्लीचं दुपारचं स्वास्थ्य त्याच्यावर अवलंबून असतं. शौचालयाकडे जाणारा रस्ता दिव्याअभावी टाळला जातो, म्हणून संध्याकाळनंतर पाणी कमी प्यायलं जातं, आणि हे उन्हाळ्यात तब्येतीवर येतं. हा दुवा लोकांनी सांगितल्याशिवाय कुठल्याही मॉडेलला सापडणार नाही. पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने घरोघरी जाऊन, प्रत्येक घर नकाशावर आणून, कुठे ड्रेनेज आहे आणि कुणाकडे शौचालय नाही हे बघत पुण्यात आणि सांगलीत जे काम उभं केलंय ते जरूर जाऊन बघा, नकाशातून थेट घरातलं शौचालय बांधून होतं हे तिथे दिसतं.

घरांचे बिंदू घेताना अरुंद गल्लीत आणि पत्र्याखाली मोबाईलचं जीपीएस सहज १०-१५ मीटर चुकतं, म्हणजे तीन घरं पलीकडे. छापील नकाशावर घर क्रमांक टाकून घ्या, बिंदू नंतर ऑफिसात बसवा.

आणि हे बिंदू जपा. कुणाच्या घरी टीबी आहे, कोण नैराश्यात आहे, कुणाकडे घराचे कागद नाहीत, हे अचूक ठिकाणासकट तुमच्या लॅपटॉपवर असणार आहे. वस्तीचा बारीक नकाशा नालासफाईला जितका उपयोगी तितकाच घरं पाडायलाही. नावं आणि लोकेशन वेगवेगळ्या फाईलमध्ये ठेवा, छापताना बिंदू कधीच दाखवू नका, ग्रिड दाखवा, आणि ज्या कप्प्यात मोजकीच घरं आहेत तो रिकामा सोडा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हे असंच करायला हवं, लोकांनी दार तुमच्यावर विश्वास ठेवून उघडलेलं असतं. वस्तीला त्यांचा नकाशा मराठीत छापून परत द्या, प्रबंध जमा करायच्या आधी, म्हणजे चुका तेच काढून देतील.

वेळापत्रक सांगतो. फेब्रुवारीत नकाशावरून जागा नक्की करा आणि गल्ल्या चालून घ्या. मार्चमध्ये कागदी नकाशाच्या बैठका, त्यातून जे कळेल त्यावर फॉर्म बदला, बैठकीच्या आधी फॉर्म छापू नका. लॉगर १ एप्रिलपर्यंत भिंतीवर गेले पाहिजेत. सर्व्हे एप्रिल-मे मध्ये, पण शाळांना सुट्टी लागली की बरीच घरं गावाला जातात, त्यामुळे मुख्य काम एप्रिलच्या पंधरवड्यापर्यंत उरका. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस आला की लॉगर काढू नका, त्याच घरांत ऑगस्टपर्यंत राहू द्या, कारण पत्र्याच्या घराचा दुसरा त्रास, ओल, तेव्हा सुरू होतो आणि डब्ल्यूएचओ-५ त्याच माणसांना तेव्हा पुन्हा विचारता येईल.